जतन आणि साठवण

सज्जनहो, सत्तरी ओलांडलेल्या कीर्तनकाराच्या घरी आपण आलात, तर ओसरीवर काय दिसेल असे आपल्याला वाटते? वीणा, टाळांच्या जोड्या, पखवाज, ग्रंथांचे कपाट. ते सर्व माझ्याकडे आहे. पण त्याआधी आपली नजर जाईल ती भिंतीला लागून ओळीने उभ्या असलेल्या पायमशीनींकडे. शिंप्याच्या, पायाने चालवायच्या, जुन्या काळ्या मशीनी. त्या नऊ होत्या. आज पाच आहेत. नवाच्या पाच कशा झाल्या आणि होताना मला काय भोगावे लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. कित्येक वर्षे मी गादीवर उभा राहून लोकांना ‘सोडा, सोडा’ म्हणून सांगितले. सोडणे किती जड असते, ते मला या लोखंडाने शिकवले.

प्रश्न साधा आहे. एखादी वस्तू जपणे हा धर्म की मोह? आपल्या घरात आजोबांची पोथी असते, आजीचे जाते असते. ते टाकले तर कृतघ्नपणा वाटतो, ठेवले तर अडगळ होते. मग जतन कोणते आणि साठवण कोणती, हे ओळखायचे कसे?

आधी या मशीनी माझ्याकडे का आल्या ते सांगतो. आम्ही शिंपी. नामदेवरायांचे नाव लावणाऱ्या समाजातले. कयाधूकाठचे नर्सी आमच्याच जिल्ह्यात. शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० मध्ये दामाशेटी शिंपी आणि गोणाई यांच्या पोटी महाराज तिथे जन्मले, असे आमच्याकडे मानतात. त्यांनी गज, कात्री, सुई, दोरा ही धंद्याची हत्यारे नामस्मरणाला जोडून घेतली. त्यांच्या काळी मशीन नव्हती, सगळे काम हातशिलाईचे. पण मी जेव्हा जेव्हा नामदेवरायांचे चरित्र लावले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कळमनुरीच्या बाजारात लिंबाखाली मशीनवर बसलेले माझे वडीलच आले.

वडिलांनी ती मशीन निजामाच्या राजवटीत हाली रुपये मोजून घेतली होती. दिवसभर बंड्या, कोपऱ्या, पोरांच्या चड्ड्या शिवत. पायडल दाबताना तोंडाने भजन चाले आणि भजनाला ठेका त्या पायडलचाच. मला तालाचे पहिले ज्ञान पखवाजापासून झाले नाही, त्या ‘खडखड-खट’पासून झाले. टीप लांब असली की वडील विलंबित गात, काजाजवळ आले की थांबत.

पुढे मी आळंदीला गेलो. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकू लागलो. मी तिथे असतानाच बहात्तरचा दुष्काळ पडला. तेव्हा कळमनुरी परभणी जिल्ह्यात होती, हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना सुकडी आणि मिलो या दोन शब्दांतच सगळे आठवेल. खायला नाही, तर शिवायला कोण टाकणार? सुटीत घरी आलो तेव्हा लिंबाखालची जागा मोकळी होती. वडील खडी फोडायला जात होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “मशीन इकली रे. हात न्हाई इकले.”

पण हातांनाही मग कापडाची सवय राहिली नाही. खडीने बोटे बधिर झाली. पुढे दिवस बरे आले, तरी दुसरी मशीन काही त्यांनी घेतली नाही.

माझा गळा बसला त्याला आता पंधरा वर्षे झाली. डॉक्टर म्हणाले, “महाराज, आता वरची पट्टी विसरा.” कीर्तन सुटले आणि हात रिकामे झाले. तेव्हा मनाने घेतले की वडिलांची मशीन शोधायची. खूण पक्की होती. लाकडी फळीच्या डाव्या कोपऱ्यावर इस्त्रीने जळालेला तिकोनी डाग. हिंगोली, वसमत, नांदेडची भंगाराची दुकाने पालथी घातली. ती मशीन मिळाली नाही. पण इतर मिळत गेल्या. कोणी अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून लावलेली, कोणाच्या फळीवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. ते पाहून जीव तुटायचा. मी पैसे द्यायचो आणि घरी आणायचो.

गंजून आवळलेली मशीन कशी सोडवतात, ते सांगतो, कारण पुढच्या विचाराला त्याची गरज आहे. घाई केली की मोडते, हा पहिला नियम. आतले तेल वर्षानुवर्षे न फिरल्याने घट्ट होऊन डिंकासारखे झालेले असते. तिथे रॉकेलचे थेंब सोडायचे आणि रात्रभर थांबायचे. सकाळी हातचाक हलवून पाहायचे. नाही हलले तर पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. एक मशीन सोडवायला मला एकवीस दिवस लागले. चाक सुटले की जुना मळ पुसून नवे तेल द्यायचे. चामड्याचा पट्टा सैल झाला असेल तर थोडा कापून पुन्हा तारेच्या आकड्याने जोडायचा. वरच्या सोनेरी नक्षीला मात्र स्पिरिट लावायचे नाही. तिच्यावर लाखेचे पॉलिश असते, ते विरघळते आणि नक्षी रुपेरी पडून जाते.

माझ्याकडच्या एका सिंगर मशीनवर माणसाचे तोंड आणि सिंहाचे धड असलेले मिसर देशातले चित्र आहे. तिच्या पट्टीवरच्या आकड्यांआधी इंग्रजी ‘वाय’ अक्षर आहे. त्या अक्षरावरून ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात झाली हे कळते. तो कारखाना १९८० साली बंद पडला. कारखाना गेला, तिथे काम करणारे हात गेले, पण मशीन कळमनुरीत टीप घालते. पुढे कलकत्त्याला आपल्या देशी उषा मशीनी होऊ लागल्या. त्यांतल्याही चार माझ्याकडे होत्या.

आणि टाका कसा पडतो ते पाहा. हातशिलाईच्या सुईचे नेढे मागे असते, मशीनच्या सुईचे टोकाशी असते. अमेरिकेतल्या इलायस हाव यांनी १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून येणारा दुसरा दोरा एकत्र आले. आयझॅक सिंगर यांचे पेटंट १८५१ चे. हातातली सुई कापडाच्या आरपार जाते. मशीनची सुई जात नाही. ती दोरा घेऊन खाली उतरते, किंचित वर उचलते, तेवढ्यात दोऱ्याचा फास पडतो. त्या फासातून शटलचे टोक निघते, खालचा दोरा वरच्यात अडकतो आणि सुई माघारी येते. दोरा कापडात राहतो, सुईजवळ काही राहत नाही. वरचा दोरा जास्त ताणला तर खालचा वर दिसू लागतो, खालचा ताणला तर वरचा खाली ओढला जातो. दोघांचा ताण सारखा असला की गाठ कापडाच्या पोटात बसते, कोणालाच दिसत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

सहा वर्षांपूर्वी शेजारच्या एका खेड्यातली बाई माझ्याकडे आली. नवरा दवाखान्यात होता. घरातली मशीन विकायची होती. बाराशे रुपये म्हणाली. मी घासाघीस केली नाही, बाराशे दिले. भंगारवाला आठशेच्या वर गेला नसता. त्यामुळे आपण पुण्यच केले असे मला वाटले. महिनाभर मी त्या मशीनवर खपलो. नऊ मशीनींत तीच सर्वांत देखणी निघाली. तिच्यावर शुभ्र कापड घातले आणि ओळीत पहिली उभी केली. आल्यागेल्याला कापड उचलून दाखवायचो. लोक म्हणायचे, “महाराज, कमाल केली!” गादीवर असताना जे ऐकण्याची सवय होती, ते पुन्हा कानावर येऊ लागले.

वर्षाने त्या बाईची मुलगी आली. विशीतली असेल. वडील गेले होते. म्हणाली, “आईची मशीन बघायला आले.” मी कापड उचलले. तिने फळीवरून हात फिरवला आणि विचारले, “महाराज, हिच्यावर शिवतं कोण आता?”

मी म्हणालो, “कोणी नाही गं माय. जपून ठेवलीय.”

ती स्टुलावर बसली. पाय आपसूक पायडलवर गेले. हातचाकाला अंगठ्याने आपल्याकडे ढकलले आणि मशीन चालू लागली. काय सुरेख चालली! मी तिला दुरुस्त केली होती, पण असे मला चालवता येत नव्हते. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघाले? “जरा जपून, सोनेरी नक्षी खराब होईल.”

पोरीने पाय उचलला. उठली, कापड नीट पांघरले, माझ्या पाया पडली आणि गेली. एक शब्द बोलली नाही.

सज्जनहो, त्या रात्री मला झोप आली नाही. दुष्काळात माझ्या बापाची मशीन विकत घेणारा माणूस कोण होता, हे मला कधी कळले नाही. आयुष्यभर मी त्याला मनात दोष दिला होता. त्या रात्री तो मला भेटला. तो मीच होतो. त्यानेही घासाघीस केली नसेल. त्यानेही मशीन नीट पुसून ठेवली असेल.

मग मी स्वतःशीच वाद घातला, कीर्तनात घालतो तसा. एक पक्ष म्हणाला, सगळे टाकून दे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या लक्षणांत ‘अपरिग्रह’ आहे. तुकोबारायांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. तूही हे लोखंड घरातून काढ.

दुसरा पक्ष म्हणाला, थांब. नाथबाबांनी काय केले? ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरता उतरता पाठ बिघडले होते. नाथांनी जुन्या पोथ्या ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, असेही सांगून ठेवले. त्यांनी जपले नसते तर आज आपल्या हाती काय आले असते? मग जपणे मोह कसे?

पहाटे या दोन पक्षांचा मेळ लागला. तुकोबारायांनी काय बुडवले ते नीट पाहा. ज्या कागदांनी दुसऱ्याची मान अडकली होती, ते कागद बुडवले. तेही आपल्या वाट्याचेच, कान्होबांच्या वाट्याचे कान्होबांना दिले अशी कथा आहे. आणि नाथांनी शुद्ध केलेली प्रत कपाटात ठेवण्यासाठी नव्हती. ती वाचली जावी, उतरवली जावी, गावोगाव पारायणे व्हावीत म्हणून होती. एकाने बुडवले, एकाने जपले, पण दोघांचेही तोंड लोकांकडे होते. माझ्या ओसरीवरच्या मशीनींचे तोंड माझ्याकडे होते.

म्हणून मला जे कळले ते एवढेच. वस्तू किती दिवस राहिली यावरून जतन ठरत नाही. ती ज्याच्या कामाची आहे त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट मोकळी आहे की बंद, यावरून ठरते. वाट मोकळी असेल तर शंभर वर्षे ठेवा, ते जतन. वाट बंद करून एक दिवस जरी ठेवली, तरी ती साठवण. मग तिच्यावर कितीही शुभ्र कापड घाला.

१९२४ साली दिल्लीत महात्मा गांधींना रामचंद्रन नावाच्या एका तरुणाने विचारले होते की आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात का. गांधीजींनी ज्यांना अपवाद मानले, त्यांत सिंगरची शिवणमशीन होती. बायकोला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरने मायेपोटी ती केली, अशी कथा त्यांनी सांगितली. ती कथा किती खरी, हा वाद बाजूला ठेवू. गांधीजींचा मुद्दा असा की जे यंत्र माणसाला हटवत नाही, त्याच्या शेजारी बसून त्याचा भार हलका करते, ते चांगले. आता मला सांगा, ज्या मशीनसमोर माणूसच बसत नाही, ती कोणाचा भार हलका करणार?

दुसऱ्या दिवशी मी मशीन टेम्पोत घालून त्या मुलीच्या घरी गेलो. वाटले होते, मायलेकी हरखतील. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, “महाराज, फुकट नको. आईनं इकली होती. बाराशे देऊ, पण हप्त्यानं.” मी ‘राहू दे’ म्हणालो, तर म्हणाली, “मग परत न्या.” मला तो दुसरा धडा. मी घेतानाही दाता झालो होतो आणि देतानाही दाताच व्हायला निघालो होतो. सहा हप्त्यांत तिने पैसे फेडले. मी ते मोजून घेतले. घेणे हेच त्या दिवसांतले माझे दान होते.

तिसरा धडा त्याहून कठीण. दिवाळीनंतर गेलो तर तिने मशीनला मोटर बसवली होती. चामड्याचा पट्टा खुंटीला टांगलेला, पायडलवर कापडाच्या चिंध्यांचे गाठोडे. सोनेरी नक्षी हाताच्या घर्षणाने जाऊ लागली होती. काळजात चर्र झाले. पण शेजारी शाळेच्या गणवेशांची चळत होती, आणि बाई म्हणाली, “पाय दुखत न्हाईत आता पोरीचे.” मी चहा घेतला आणि नक्षीविषयी बोललो नाही. दिलेली वस्तू आपल्याला हवी तशीच राहावी ही इच्छा उरली, तर ती अजून दिलेली नसते.

त्यानंतर तीन मशीनी गेल्या. एक महिलांच्या बचत गटाला, एक वाकळा शिवणाऱ्या म्हातारीला, एक नुकताच धंदा टाकलेल्या पोराला. प्रत्येकाने जे जमेल ते दिले, मी ते घेतले.

इथे लेख संपवला असता, तर आपण मला बरा माणूस समजला असता. पण कीर्तनकाराने आपल्या पदरचे लपवू नये.

माझ्या गुरुजींनी मला अभंगांच्या जुन्या चाली शिकवल्या. त्या मी एका वहीत माझ्या खुणांनी उतरवून ठेवल्या होत्या. मशीनींच्या फार आधी माझी ही एक साठवण होती. बारा वर्षांपूर्वी माझ्या मागे टाळ धरणाऱ्या एका मुलाने ती वही उतरवून घ्यायला मागितली. गोड गळ्याचा, कष्टाळू पोरगा. मी म्हणालो, “आधी योग्यता येऊ दे.” त्याने पुन्हा एकदा मागितली, मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने मागितली नाही.

मशीनने डोळे उघडल्यावर मी पेटी उघडली. वहीला वाळवी लागली होती. तिसरा हिस्सा मातीच झाला होता. उरलेली वही घेऊन मी त्या मुलाकडे गेलो. तो आता नांदेड रोडवर काळीपिवळी चालवतो. वही हातात घेतली, दोन पाने उलटली, हसला आणि म्हणाला, “महाराज, आता गळाच राहिला नाही माझा. धूळ खाऊन खाऊन.” त्याने वही माझ्या पायाला लावून परत दिली.

गेलेल्या पानांवरच्या दोन चाली मला अजून मनात ऐकू येतात. पण माझा गळा तिथे पोचत नाही, आणि गुणगुणून दाखवावे तर ऐकणाऱ्याला सूर नीट लागत नाही. गंजलेली मशीन रॉकेलने सुटते. ज्या चाली मी कोणाच्या गळ्यात घातल्या नाहीत, त्यांना सोडवणारे रॉकेल नाही. माझ्या गुरुजींनी माझ्यात दोरा ओवला होता. सुईने तो कापडात सोडून माघारी यायचे असते. मी दोरा घेऊनच माघारी आलो.

उरलेली वही आता गावातली दोन मुले उतरवून घेत आहेत. त्यांची योग्यता मी विचारली नाही. जिथे खुणा कळत नाहीत, तिथे मी बोटाने मात्रा मोजून दाखवतो, आणि ताल लागला नाही तर त्यांना ओसरीवरच्या मशीनचे पायडल दाबायला लावतो. वडिलांचा ठेका अजून चालतो.

ओसरीवरच्या पाच मशीनींपैकी दोन चालत नाहीत. त्यांच्या होडीसारख्या लांबट शटल मिळत नाहीत. त्या मी ठेवणार आहे, मुलांना यंत्र उघडून दाखवायला. उरलेल्या तीन तेल घालून तयार आहेत. फळीवर इस्त्रीचा तिकोनी डाग असलेली मशीन कोणाच्या घरी दिसली, तर मला सांगू नका. तिच्यावर कोणी शिवत असेल, तर तेवढेच पुरे.

आपल्याही घरात एखादी पेटी असेल, एखादी वही, एखादे हत्यार, एखादी विद्या, जी आपण ‘योग्य माणूस’ येईपर्यंत जपून ठेवली आहे. आज संध्याकाळी ती उघडून पाहा. वाळवी योग्यता विचारत नाही.

राम कृष्ण हरी.